खरातकाकांचं सातवं कडवं

रघुनाथ खरातांना दोघांनी फसवलं. एक आमच्या भागातलं मराठी मंडळ, दुसरा मी. माझा वाटा मी पुढे कबूल करणार आहे. मंडळानं अजून तोंड उघडलेलं नाही, म्हणून हे लिहायची वेळ आली. मंडळाचं आणि त्याच्या अध्यक्षबाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपल्या कामावरून आपलं नाव गेलं की कसं वाटतं, हे त्यांनाही जरा कळू दे.

मँचेस्टरच्या उत्तरेला एका छताखालच्या बाजारात माझा जुन्या रेकॉर्डचा गाळा आहे. मी मूळचा धुळ्याचा. इथे शिकायला आलो, शिक्षण अर्धवट सोडलं, गोदामात खोकी उचलली. मग मेलेल्या माणसांची घरं रिकामी करून देणारे लोक असतात, त्यांच्याकडून रेकॉर्डचे क्रेट उचलायला लागलो. संगीतातलं तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं. घासाघीस कळत होती. गिऱ्हाईक रेकॉर्ड हातात कशी धरतं, यावरून ते घेणार की नुसतं चिवडणार, हे मी लांबून सांगतो.

खरातकाकांच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी चुकलो. साठी ओलांडलेला, बुटका, सावळा माणूस. अंगात पावसाळी जॅकेट, खांद्याला फ्लास्क. त्यांनी एक रेकॉर्ड उचलली, पुढचं चित्र बघितलंसुद्धा नाही, सरळ उलटी केली. चष्मा कपाळावर सरकवला आणि मागचा बारीक मजकूर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला. जागेवर ठेवली. दुसरी उचलली. असं तासभर. मला वाटलं, हा कुणी मुरलेला व्यापारी आहे आणि माझ्या मालात खोट काढून भाव पाडणार आहे. माझं डोकं तापायला एवढं पुरतं. इंग्रजीत खेकसलो, "काय शोधताय?"

त्यांनी गाळ्यावरची 'बोरसे रेकॉर्ड्स' ही पाटी वाचली आणि शांतपणे मराठीत म्हणाले, "वाजवणाऱ्याचं नाव. गाणाऱ्याचं आहे, कंपनीचं आहे, फोटो काढणाऱ्याचंबी आहे. ढोल कुणी बडवला त्याचं नाही. चाळीस बघितल्या, अकरांवर सापडलं."

"घ्यायचंय का काही?"

"नाही शेठ. हजेरी घेतोय."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'शेठ' आणि ते माझ्यासाठी 'काका'. पंधरा वर्षांत त्यांनी माझ्याकडून एकही रेकॉर्ड घेतली नाही. दर शनिवारी यायचे, फ्लास्कमधला गुळाचा चहा मला द्यायचे आणि त्या बदल्यात रेकॉर्डच्या दोन्ही बाजू वाजवून घ्यायचे. मी सौदा एका बाजूवर तोडायला बघायचो. जिंकायचे तेच.

काका एका मोठ्या सरकारी इस्पितळात एकतीस वर्षं पोर्टर होते. पेशंटची ट्रॉली ढकलायची, वॉर्डातून एक्सरेला, एक्सरेतून वॉर्डात. बायको नर्स म्हणून इथे आली, तिच्यामागोमाग हे आले. मूळ गाव जालन्याकडचं. तिथे ते लग्नात आणि जयंतीला स्वतः रचलेली भीमगीतं म्हणायचे. इथे आल्यावर आवाज ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ट्रॉली ढकलताना म्हणायचे. "पेशंट आडवा असतो शेठ," ते सांगायचे, "उठून जाऊ शकत नाही. एवढा चांगला श्रोतृवर्ग जालन्यातबी नव्हता."

एकदा ते गाणं गुणगुणत धुलाईखान्यात चादरी आणायला गेले, आणि चादरींच्या ढिगामागून कुणीतरी त्याच चालीला धरून गुणगुणलं. एझरा. अमेरिकन काळा म्हातारा. अमेरिकेच्या इथल्या हवाई तळावर कधीकाळी आलेला, इथल्या बाईशी लग्न करून राहिलेला. घरात ब्लूज आणि जॅझच्या रेकॉर्डची चळत, डोक्यात काळ्या कवींच्या कविता, हातात इस्पितळाच्या ओल्या चादरी. त्याची आजी मिसिसिपीत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. काकांची आई जालन्याकडे दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. आणि जगभरचा कापूस ज्या मुलखात येऊन त्याचं कापड व्हायचं, त्या मुलखात हे दोघं चादरीची टोकं धरून समोरासमोर उभे. "आम्ही चुकून भेटलो नाही," काका म्हणायचे. "कापसानं वाट दाखवली."

एझरा मी पाहिला नाही, काका मला भेटायच्या आधीच तो वारला. पण त्याची वाक्यं काकांकडून इतकी ऐकली की रस्त्यात भेटला असता तर ओळखला असता. तो म्हणायचा, अमेरिकेतून आमचं गाणं काढून घ्या आणि मग काय उरतं ते वाजवून दाखवा. मिरवणुकीचा बँड आणि चर्चची घंटा. नाच आमचा, ताल आमचा, खांदे उडवून बोलायची ढब आमची, रविवारच्या प्रार्थनेत टाळ्या वाजवायची रीत आमची. सगळ्या जगाला अमेरिका म्हणून जे आवडतं, ते आमच्या आज्यांनी पाठ वाकवून गुणगुणलेलं आहे. एवढं देऊन हॉटेलात वाजवायला गेलो की आम्हाला वाट स्वयंपाकघरातून. काकांनी याचं आपल्या भाषेत एका ओळीचं सूत्र केलं होतं: "गाणं पुढच्या दारानं, गाणारा मागच्या दारानं."

कवितांचंही तेच. एझराचं म्हणणं असं की काळे कवी लिहायला लागेपर्यंत अमेरिकेतले कवी इंग्लंडचा उसना कोट घालून हिंडत होते. काळ्यांनी तो कोट खुंटीला टांगला आणि आई स्वयंपाकघरात जशी बोलते तसं लिहिलं. मग गोऱ्यांनाही आपण तसंच बोलतो असं वाटायला लागलं. यावर काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण ते तरुणपणी औरंगाबादला एका होस्टेलच्या मेसमध्ये भांडी घासायचे. तिथे आपली पोरं ह्याच कवींची भाषांतरं सायक्लोस्टाईल करून मोठ्यानं वाचायची आणि मग स्वतः तशा आगीच्या कविता लिहायची. काका दाराआडून ऐकायचे. "मला वाटायचं, हे कवी पुस्तकात राहतात. इथं बघतो तर त्यांची वाणी धुलाईखान्यात घाम पुसत उभी!"

ब्लूज ऐकताना काकांचं उजव्या हाताचं पहिलं बोट तयारीत असायचं. जुन्या रेकॉर्डमध्ये वाजवता वाजवता मध्येच कुणीतरी ओरडतो, साथीदाराचं नाव घेऊन. आपण 'वा, बुवा!' म्हणतो तसं. ते आलं की काकांचं बोट वर. "हां! घेतलं नाव!" आणि मला समजावायचे, "कंपनी कागदावर नाव छापणार नाही, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून नाव गाण्यातच पेरलं. आपल्या संतांनी तेच केलं, शाहिरांनी तेच केलं. ज्याच्याकडं छापखाना नाही, त्यानं नाव शेवटच्या कडव्यात ठेवायचं. कागद फाडता येतो शेठ. गाण्यातनं नाव काढायचं तर गाणंच कापावं लागतंय."

हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

काका भांडायचे कमी, टोचायचे जास्त. माझं एक गिऱ्हाईक होतं, ग्रॅहम. पांढरी पोनीटेल, कातडी जॅकेट. एका शनिवारी तो मला सांगत होता की ब्लूज मरायला टेकला होता, तो आम्ही इंग्रज पोरांनी वाचवला आणि अमेरिकेला परत शिकवला. काका चहा ओतता ओतता आपल्या पोर्टरच्या इंग्रजीत म्हणाले, "अगदी बरोबर. माझी सायकल उचलून नेली, तिला रंग दिला आणि मलाच चालवायला शिकवली. थँक्यू." ग्रॅहम हातातला गठ्ठा ठेवून निघून गेला. मी काकांवर उखडलो.

"काका, गिऱ्हाईक घालवलंत!"

"घालवलं कुठं? ऐकून गेलं ते."

आता मंडळाकडे येतो. आमच्या मंडळात डॉक्टर पुष्कळ. अध्यक्षबाईंचे यजमान काकांच्याच इस्पितळात मोठे डॉक्टर. वीस वर्षं दोघं एकाच लिफ्टनं वरखाली गेले. डॉक्टरांना हा माणूस मराठी आहे याचा पत्ता नव्हता. मी काकांना विचारलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"ते फोनवर मराठी बोलायचे. मी ऐकायचो. सासूबाईंच्या गुडघ्यापासून पुण्याच्या फ्लॅटपर्यंत सगळं मला ठाऊक. मला बोल म्हणून कुणी म्हटलं नाही."

काकांनी एकदा आपणहून मंडळाला विचारलं होतं, गाणं म्हणू का म्हणून. उत्तर आलं की आपल्या कार्यक्रमाच्या स्वरूपात असली गाणी बसत नाहीत. स्वरूप म्हणजे काय, ते मी बघितलंय. एक नाट्यगीत, दोन लावण्या (डॉक्टरीणबाईंनी केल्या की त्या बसतात) आणि मुलांचा हिंदी सिनेमातल्या गाण्यांवर नाच.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळी आणि काळ्यांच्या इतिहासाचा महिना एकत्र आले. तो महिना इथे ऑक्टोबरात पाळतात. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, हॉल फुकट मिळवायचा तर एक फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक रकाना होता: तुमच्या कार्यक्रमातून इतर समाजांशी, विशेषतः कृष्णवर्णीय समाजाशी, असलेलं नातं कसं दिसतं? मंडळानं शोधाशोध केली. वीस वर्षांतलं एकूण नातं म्हणजे हॉलच्या दारावरचा सिक्युरिटी गार्ड. अध्यक्षबाई तडक माझ्या गाळ्यावर.

"अहो बोरसे, तुमच्याकडे ते एक काका येतात ना, ब्लॅक म्युझिकवाले? त्यांचं म्हणे कापसावरचं काहीतरी गाणं आहे. आम्हाला असंच ऑथेंटिक हवंय. फक्त फार हेवी नको हं, दिवाळी आहे."

"किती वेळ देताय?"

"चार मिनिटं."

"पंधरा."

"अहो, बॉलिवूड मेडलीच बारा मिनिटांची आहे!"

"मग ती कापा."

"ती कमिटीच्या मुलांची आहे हो. कशी कापणार?"

मी हात वर केले, पाठ फिरवली, क्रेट आवरायला लागलो. सगळी ठेवणीतली हत्यारं काढली. शेवटी आठ मिनिटांवर आणलं. चाराची आठ! मला कोण आनंद झाला. काकांची छाती तोवर अधू झाली होती, दोन ओळींत धाप लागायची. म्हणून गाणं मंडळाच्या मुलांनी म्हणायचं आणि काकांनी शिकवायचं ठरलं.

ते गाणं काकांनी एझरा गेला त्या आठवड्यात रचलं होतं. त्याची सुरुवात अशी:

तुझ्या आजीनं वेचलं, माझ्या आईनं वेचलं,
एका कापसाचं बोंड दोन मुलखांत टोचलं.

सात कडवी. तीन रविवार काकांनी मुलांना बसवून सातही शिकवली. इथे वाढलेली मुलं, 'माझा आई' आणि 'तुझी गाणं' म्हणणारी, पण काकांपुढे मांडी घालून बसायची आणि टाळ्यांचा ठेका धरायची. एझराकडून शिकलेला ठेका. काका इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. मला म्हणाले, "एझराचं नाव या देशात कुठं लिहिलेलं नाही, शेठ. त्याच्या थडग्यावर आहे तेवढंच. आता पोरांच्या तोंडी राहील. त्याच्या शेजारी माझंबी."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बाईंचा फोन आला. "बोरसे, गाणं नऊ मिनिटं होतंय. डील आठचं होतं."

मी गाळ्यावर होतो, समोर गिऱ्हाईक उभं. म्हणालो, "मग एक कडवं कमी करा."

"कुठलं?"

"शेवटचं सोडा."

हा माझा वाटा. गिऱ्हाइकाला वरची चिल्लर सोडावी तसं मी सातवं कडवं सोडलं. सौद्याच्या शेवटी थोडं सोडलं की समोरचा खूश होतो आणि आपण मोठे दिसतो, ही माझी वीस वर्षांची खोड. त्या कडव्यात काय आहे हे मी विचारलं नाही. कुठल्याही मराठी पोराला कळतं शेवटच्या कडव्यात काय असतं ते. बाईंनाही कळत होतं, कारण त्यांच्यासमोर मुलांच्या सातही कडव्यांचा सराव झाला होता. तरी त्या म्हणाल्या, "पर्फेक्ट. मला ईमेलवर तेवढं ओके टाका." मी टाकलं.

कार्यक्रमाला काका तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी. एकुलत्या एका सुटात. कार्यक्रमपत्रिका त्यांनी घेतली आणि सवयीनं उलटी केली, बोट ठेवून वाचू लागले. त्यात होतं: 'कापूसगीत (पारंपरिक लोकगीत). दिग्दर्शन,' आणि पुढे अध्यक्षबाईंचं नाव. मी म्हणालो, "छापायची चूक असेल." ते म्हणाले, "असू दे. गाण्यात आहे."

मुलांनी छान म्हटलं. सहावं कडवं संपत आलं तसं काकांचं बोट वर गेलं. तयारीत. आणि सहावं संपल्यावर मुलांनी वाकून नमस्कार केला. टाळ्या झाल्या, कौन्सिलच्या पाहुण्यांनी उभं राहून वाजवल्या, मागून बॉलिवूड मेडली सुरू झाली. काकांचं बोट वरच होतं. लोकांना वाटलं असेल, म्हातारा प्रश्न विचारायला उभा राहतोय. बऱ्याच वेळानं त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरून खाली आणलं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी एक मुलगी पळत आली. "आजोबा, सेव्हन्थ वाला आम्हाला म्हणू नाही दिला! मला पाठ होता!"

बाई शेजारीच होत्या. मी तडकलो. "कुणी कापलं ते?"

"अहो, तुम्हीच तर ओके केलंत!" बाईंनी फोन काढून माझं ईमेल दाखवलं. "आणि एवढं काय झालं? पारंपरिक म्हटलं म्हणजे कौतुकच आहे ना काका? गाणं सगळ्यांचं झालं!"

काका बाईंना एवढंच म्हणाले, "ताई, बाप जिवंत असताना पोराला अनाथ लिहितात, त्याला पारंपरिक म्हणतात होय?" मग माझ्याकडे वळले. "शेठ, किती मिनिटं मिळवलीत म्हणाला होता?"

"आठ."

"आणि दिलंत काय?"

मी बाईंच्या फोनवरचं माझं ईमेल पुन्हा एकदा वाचलं.

तीन शनिवार काका आले नाहीत. चौथ्या शनिवारी आले, फ्लास्क उघडला, चहा दिला. "घासाघिशीत तुमचा हात धरणारा कुणी नाही," म्हणाले. "पण विकायच्या आधी माल उघडून बघत जा." संपलं. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्यापुढे काढला नाही. माझ्यासारखा माणूस शिव्या पचवतो. हे पचत नाही.

मी मंडळाशी भांडत राहिलो. गाण्याचा व्हिडिओ मंडळानं इंटरनेटवर टाकला होता, पारंपरिक म्हणून. तिथून ते लंडनच्या बाजूला गेलं, क्रॉयडनच्या कुण्या ग्रुपनं गिटार लावून म्हटलं. पारंपरिक. एझराच्या आजीच्या गाण्यांचं अमेरिकेत जे झालं, ते आमच्या मंडळानं एका दिवाळीत करून दाखवलं, आणि तेही काळ्यांच्या इतिहासाच्या सन्मानार्थ. मी सात ईमेल लिहिली. प्रत्येकाला एकच उत्तर: 'विषय समितीच्या अजेंड्यावर आहे.' खाली सही: 'समितीच्या वतीने.' कुणाचंही नाव नाही. नाव कुठे घालायचं आणि कुठे नाही, यात मंडळ मोठं तरबेज.

या फेब्रुवारीत काका गेले. ज्या इस्पितळात एकतीस वर्षं ट्रॉली ढकलली, तिथेच एका ट्रॉलीवरून वॉर्डात गेले आणि परत आले नाहीत. इथे दहनालाही वेळ ठरवून मिळते, एका माणसाला अर्धा तास. मी तिथल्या माणसाशी एका शब्दानंही घासाघीस केली नाही. लागोपाठचे दोन अर्धे तास घेतले. ती मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली होती. तिनं सातही कडवी म्हटली. सातवं असं आहे:

रघू खरात म्हणे, एझरा माझा साक्षीदार,
गाणं नेताय तर न्या, नको नावाला नकार.

माझं बोट वर गेलं. खाली आणायला मला वेळ लागला.

पुढच्या महिन्यात मंडळाची पत्रिका आली. चौकटीत लिहिलं होतं: 'आपल्या सर्वांचे लाडके पोर्टरकाका आपल्यातून निघून गेले. त्यांच्या आवडीचं एक पारंपरिक गीत त्यांच्या स्मृतीला अर्पण.' खाली गाणं. सहा कडव्यांचं.

तर अध्यक्षबाई, माझा वाटा मी कबूल केला, माझ्या नावानं, वाचकांसमोर. आता तुमचा. पारंपरिक हा शब्द कुणी लिहिला? सातवं कडवं ऐकलेलं असून ते कापायला माझं ओके मागून घ्यावं, असं कुणाला सुचलं? पोर्टरकाकांना नाव होतं, हे पत्रिका छापणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हतं का? व्हिडिओ उतरवून गाणं सातव्या कडव्यासकट पुन्हा कधी लावणार? समितीच्या वतीनं आलेलं उत्तर मी वाचणार नाही. उत्तर माणसाकडून हवं, आणि त्याखाली त्याचं नाव हवं.

— दिलीप बोरसे